बुडखा खाली, शेंडा वर

शनिवार, ४ जानेवारी

बाबा आले. गडहिंग्लजहून रात्रभर बसनं, तरी शर्टाची इस्त्री जागच्या जागी. सोबत तीन पिशव्या. एकीत कपडे, दुसरीत शेंगा, गूळ, काकवी, आणि तिसरी ती खाकी, जी त्यांनी बसमध्ये मांडीवरून खाली ठेवली नाही. सुतारकीची हत्यारं.

"बाबा, बाराव्या मजल्यावर यांचं काय करणार?"

"सुतार निजतो तिथं त्याची पटाशी निजती. तुला अडचण हाय काय?"

अडचण कसली. ती पटाशी आजोबांची. लहानपणी तिला हात लावायची मला बंदी होती. पंधराव्या वर्षी चोरून लावला आणि अंगठा कापून घेतला. आईनं त्याच दिवशी फर्मान काढलं, हा शिकणार, लाकडाला हात लावणार नाही. शिकलो. बंगळुरात, महादेवपुऱ्यात येऊन बसलो.

परतीचं तिकीट काढूनच आलेत. २६ची, संध्याकाळची बस. आई गेल्यापासून दोन वर्षं तिकडे एकटे असतात. या खेपेला त्यांना कायमचं राहायला सांगायचं ठरलंय. म्हणजे बायकोनं, मेधानं ठरवलंय. सांगायचं मी.

मंगळवार, ७ जाने.

ऑफिसातून आलो तर घरातले सगळे ड्रॉवर लोण्यासारखे सरकतायत. बाल्कनीचं दार करकरत नाही. इराच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय गप्प. तीन दिवसांत फ्लॅट संपवला बाबांनी. आता काय करतील देव जाणे.

जेवताना इरानं सांगून टाकलं, की भिंतीवरचं शेल्फ लावायला पप्पांनी माणूस बोलावला होता. बाबांचा घास हातातच. "स्क्रू फिरवायला माणूस?" मेधा इतकी हसली की तिला ठसका लागला. मी नऊ वर्षांच्या कार्टीकडे डोळे वटारून बघितलं. तिच्यावर ढिम्म परिणाम नाही.

गुरुवार, ९ जाने.

बाबा दुपारभर खिडकीत बसून होते, मेधा सांगत होती. "काय बघताय?" विचारलं तर म्हणाले, "दुसरा बारावा मजला."

अजून सांगितलेलं नाही. या रविवारी कुठंतरी नेऊ या, मग मूड बघून सांगतो, असं मेधाला म्हटलं. "तू मूडच बघत बस," ती म्हणाली.

रविवार, १२ जाने.

हे सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

देवनहळ्ळीच्या पुढं एक जागा आहे, जुनी खेड्यातली घरं सोडवून आणून माळावर परत उभी केलीत. मेधाला कुणीतरी सांगितलं होतं. एक किनाऱ्याकडचं कौलारू, एक मलनाडचं सुपारीवाल्यांचं, एक कुंभाराचं, चाकासकट. मधून पायवाटा, चिंचा, खरी कोंबडीसुद्धा. इरा प्रत्येक उंबऱ्याला ठेचकाळली आणि प्रत्येक वेळी खूश झाली. घरात शिरताना वाकायला लागतं ही गोष्टच तिला नवी. मेधा जात्यावर बसून फोटो काढून घेत होती. जातं रिकामं फिरवू नये म्हणून बाबा तिला ओरडले, तर सुनबाईंनी खिशातले चार फुटाणे टाकून दळले. पीठ कपाळाला. मी बऱ्याच दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसलो.

शेवटचं घर निपाणीकडचं. म्हणजे आमच्याच मुलखातलं, पाटीवर कन्नड आणि इंग्रजी. सोप्यात चार सागवानी खांब. बाबा आत शिरले. पहिल्या खांबावरून हात फिरवला, दुसऱ्यावरून, तिसऱ्याशी थबकले. मग पुढं आडवी बांधलेली दोरी ओलांडून आत गेले, बोटाच्या पेरानं ठोकलं आणि खांबाला कान लावला.

शिट्टी. रखवालदार धावत. मी हिंदीत सॉरी सॉरी करतोय, इरा माझ्या मागं लपलीय, आणि बाबा शांतपणे मराठीत म्हणतायत, "ह्यो खांब डोक्यावर उभा हाय."

मग त्यांनी रखवालदाराशी थेट कन्नड सुरू केलं. आमच्या सीमेवरचं, रांगडं. तो आधी बघत राहिला, मग फिस्सकन हसला. "बेळगाव कडेयवरा?" बेळगावकडचे का, असं विचारत होता. बाबा म्हणाले, "हौद्री!" झालं, दोघांची सोयरीक जमली. मी नऊ वर्षं इथं राहून "स्वल्प" (थोडं) आणि "सरी" (बरं) यांच्या पुढं गेलेलो नाही.

रखवालदारानं तिथल्या सुताराला बोलावून आणलं. मंजण्णा. पन्नाशीचा, कानाला पेन्सिल. त्याचं तोंडच पडलं. खांब त्यानंच उभा केलेला, नंबर बघून. घर सोडवताना प्रत्येक लाकडावर नंबर रंगवतात म्हणे. बाबांनी विचारलं, नंबर कळला, पण वरची बाजू कुठली हे कुठं लिहिलंय? ते कुणीच लिहिलं नव्हतं.

बाबांनी इराला जवळ घेऊन दाखवलं. लाकडात गाठ असते ना, तिथं फांदी होती. फांदी वर निघते. तीन खांबांच्या गाठी वर बघतायत, याच्या खाली. "झाड जसं उभं हुतं तसाच खांब उभा करायचा. बुडखा खाली, शेंडा वर. उलटा केला तर घराला शांतता न्हाई."

मंजण्णानं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. "बघतो, अज्जा," म्हणाला. अज्जा म्हणजे आजोबा.

परतताना गाडीत बाबा फुरंगटलेले. "अज्जा म्हणतोय मला. पन्नाशीचा बाप्या!"

त्या खांबापायी मूड बघायचं राहूनच गेलं.

मंगळवार, १४ जाने. संक्रांत

शेजारच्या अक्का ताटली घेऊन आल्या. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, ऊस. इकडचं एळ्ळु-बेल्ला. मेधानं तिळाच्या वड्या दिल्या. बाबांनी अक्कांशी एवढ्या गप्पा मारल्या की त्यांचं दूध उतू गेलं.

दु. मंजण्णाचा फोन. माझा नंबर रखवालदारानं घेतला होता. दोन मिनिटं काहीच कळलं नाही, फोन बाबांना दिला. ते ऐकत राहिले, मग मिशीतल्या मिशीत हसले. मंजण्णा दोन दिवस तो खांब बघत बसला होता म्हणे. त्याला झोप येईना. ती जागा बघणाऱ्या बाईंशीही बोललाय. शनिवारी खांब काढून बघायचाय, अज्जांनी यावं.

"जाणार?"

"न जाऊन कसं चालंल? माझ्यामुळं त्याची झोप गेली."

शनिवार, १८ जाने.

हाताला तीन फोड, तरी लिहितोय.

स. ८ला पोचलो, सगळं खटलं. बाबांच्या मांडीवर खाकी पिशवी. ती जागा सांभाळणाऱ्या बाई वास्तुरचनाकार आहेत, चाळिशीच्या, बोलायला सरळ. मला इंग्रजीत म्हणाल्या, चूक असेल तर मला हवीच आहे. मग बाबांकडे वळून कन्नडमध्ये, "पण जुन्या लाकडावर एक ओरखडाही चालणार नाही." बाबांना बाई तिथंच आवडल्या.

तुळईला खालून जॅक लावले. पाचरी काढल्या. चार माणसांनी मिळून खांब हळूहळू बाहेर घेतला, बाबा एकटेच बोलत होते, मराठी-कन्नड सगळं एकत्र, आणि सगळ्यांना कळत होतं. खांब आडवा निजवला. वरचं टोक, जे इतके दिवस तुळईत घुसलेलं होतं, ते पुसलं. त्यावर काळपट गोल डाग. ओलीचा. खांब जमिनीवरच्या दगडी तळखड्यावर वर्षानुवर्षं उभा राहिला की पडतो तसा.

मंजण्णा डागाकडे बघत उकिडवा बसला. मला वाटलं आता वाईट वाटून घेतो. त्यानं बाबांचा हात धरला आणि म्हणाला, "मेस्त्री."

बाबांचा चेहरा! आई असती तर तिला सांगता आलं असतं. मला तिथंच डोळ्यांत पाणी आलं, मी इराच्या बुटाची लेस बांधायला वाकलो. तिच्या बुटाला लेस नाही.

मग खांब फिरवून बसवायचा. पण जुन्या पाचरी तुटलेल्या, नव्या हव्यात. मंजण्णा सागाची फळी घेऊन आला. बाबांनी पिशवी उघडली, पटाशी काढली, आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढं धरली.

"धर."

"मी?"

"मग काय, माणूस बोलावू?"

मेधानं मोबाइल काढला. पहिली पाचर वाकडी. दुसरी फाटली. तिसरी मंजण्णानं बघून आदरानं बाजूला ठेवली. बाबांनी मागून माझं कोपर धरून खाली दाबलं, एकदा. हात आपोआप सरळ गेला. पंचवीस वर्षांपूर्वी दाबलं असतं तर, असा विचार आला आणि गेला. चौथी बसली. मोगरीचे तीन ठोके आणि खांब गच्च.

आमच्यात रीत आहे, सुतार पाचरीवर मागच्या, सहज न दिसणाऱ्या बाजूला आपल्या घराची खूण करतो. बाईंना विचारलं. नवं लाकूड आहे, करा म्हणाल्या. खूण म्हणजे दोन उभ्या रेघा, एक आडवी. माझी आडवी तिरकी आली. इरा म्हणाली, "पप्पा, हे चुकलंय." बाबा म्हणाले, "चुकलं न्हाई. नवीन हाय."

निघताना बाईंनी मागचं गोदाम दाखवलं. आणखी एक घर, नंबर टाकून, सुट्टं पडलेलं. कुठलं लाकूड वर, कुठलं खाली, कुणी लिहिलेलं नाही. आठवड्यातून दोन दिवस येऊन मंजण्णाला सांगाल का, असं विचारलं.

बाबा म्हणाले, "बघू."

बाबांच्या "बघू"चा अर्थ आईलाच फक्त कळायचा.

रविवार, १९ जाने.

फोड. चमचा धरवत नाही. अतिशय आनंदात.

बुधवार, २२ जाने.

बाबा एकटे देवनहळ्ळीला गेले! बस बदलून. मला मीटिंगमध्ये मेधाचा मेसेज, "पक्षी उडाला." दिवसभर जीव थाऱ्यावर नाही. सं. ६ला परत, बसच्या कंडक्टरचं गाव, त्याच्या मुलीचं लग्न, सगळं माहीत करून. डोक्यात भुसा. इरानं तो झटकू दिला नाही.

दोन उलटी लाकडं शोधली म्हणे. मंजण्णानं जेवणात नाचणीचे उकडलेले गोळे, मुद्दे, घातले. "चावायचंच न्हाई ते, गिळायचं," असं दहा वेळा सांगितलं.

आज सांगायचं होतं. ते इतके खुशीत होते, की आपण मध्येच "राहा" म्हटलं आणि "नाही" म्हणाले तर, या भीतीनं गप्प बसलो. चाळिशीचा घोडा झालोय आणि बापाला घाबरतो.

शनिवार, २५ जाने.

सांगितलं. बाल्कनीत, सकाळच्या चहाला, काही न सजवता.

"बाबा, इथंच राहा की."

ते समोरच्या बाराव्या मजल्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या आईची जास्वंद हाय परड्यात. पाणी कोण घालणार?"

"शेजारी घालतायत की आत्ता."

"शेजारी पाणी घालतात. बोलत न्हाईत तिच्याशी."

बशीत चहा ओतला त्यांनी. मग म्हणाले, "तू इचारलंस हे बरं केलंस. मला वाटलं इचारतोस का न्हाई."

म्हणजे वाट बघत होते. तीन आठवडे! मी माझ्या कपाळावर हात मारला. तरी हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. मेधानं विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, "बघू."

रविवार, २६ जाने.

झेंडावंदनाला सोसायटीत बाबा पहिल्या रांगेत. दुपारी पुरणपोळी. संध्याकाळी बसवर सोडून आलो. इरा बस वळेपर्यंत हात हलवत होती. बाबांच्या मांडीवर खाकी पिशवी होतीच.

सोमवार, २७ जाने.

सकाळी त्यांच्या खोलीतली चादर बदलताना मेधानं हाक मारली. उशीखाली पटाशी. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली, तेल लावून.

"आजोबा विसरले!" इरा.

बाबा छत्री विसरतात, चष्मा विसरतात. पटाशी नाही.

मेधा म्हणाली, "फोन करून विचार." नको म्हटलं. विचारलं तर म्हणतील विसरलो, कुरिअरनं पाठव. आहे तशीच उशीखाली ठेवली, वर नवी चादर घातली.

९ वाजता त्यांचाच फोन. पोचले. जास्वंदीला चार कळ्या. मग म्हणाले, मंजण्णाला निरोप दे, गोदामातली लाकडं उन्हात काढू नको, सावलीत वाळव. आणि मोठ्या तुळईला एवढ्यात हात लावू नको म्हणावं.

पटाशीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.