वेणीतला कापूस

बाबा, जिनिंगमधली ती दुपार मी आजवर कुणाला सांगितली नाही. काल माझी मुलगी टीव्हीवर मुलांचा एक कार्यक्रम बघून खिदळत होती. मित्राची फजिती करायची, शेवटी कॅमेरेवाला पुढे आला की फसलेल्यानेही हसायचं. मी शाळेत असताना असाच एक लागायचा. आपल्याकडे केबल नव्हती, म्हणून मी मैत्रिणीकडे जाऊन बघायचे. दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तुम्ही मुकादम आणि तिचे वडील तुमच्या हाताखाली हमाल. त्यांच्याच घरात बसून मी शिकले आणि तिच्यावरच करून पाहिलं.

हंगाम ऐन भरात होता. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आवारात घराएवढी गंजी आणि तिच्या पायथ्याशी कापूस ओढून यंत्रात नेणारा जाड पाइप. गंजीत शिरायचं नाही, हा तुमचा एकच नियम. मी मैत्रिणीच्या देखत आत शिरले, पलीकडून सरपटत निघाले आणि सरकीच्या पोत्यांमागे जाऊन बसले. ती जरा शोधेल, रडकुंडीला येईल, मग मी पुढे येईन, एवढाच बेत. पण ती शोधत बसली नाही. सरळ तुमच्याकडे धावली. "काका, थे गंजीत घुसली. बाहीर नाई आली."

यंत्र थांबलं. हंगामात ते असं भरदुपारी थांबलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माणसं कापूस ओढायची लोखंडी दाताळी घेऊन धावली तसे तुम्ही ओरडलात, "दाताळं नाई, हातानं काढा. पोरगी हाये आत." तुम्ही पाइपाच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसून ओंजळीने कापूस उपसताय. "माय वं, बोल नं," म्हणताय. बोंडांच्या टरफलांनी तुमची बोटं रक्ताळली आहेत. मी दहा पावलांवर आहे. आता उठावं, आता उठावं, असं करत मी तशीच बसले आहे, कारण आता उठले तर कुणीच हसणार नाही, हे मला कळून चुकलंय. शेवटी मी मागच्या भिंतीच्या भगदाडातून निसटले आणि वळसा घालून फाटकातून आत आले.

तुम्ही मला पोटाशी धरलंत. "कुठी होतीस?"

"मी त घरीच होती. आताच आली."

मैत्रीण म्हणाली, "नाई काका, म्या पाह्यलं. आतच होती थे."

तुम्ही तिच्या थोबाडीत मारलीत. कुणाच्या लेकराला कधी बोट न लावलेले तुम्ही. तिचे वडील समोरच उभे होते. मुकादमाला ते काय बोलणार? ते खाली मान घालून विखुरलेला कापूस पुन्हा गंजीवर टाकू लागले.

संध्याकाळी तुम्ही मला अंगणात जवळ बसवलंत. माझ्या वेणीत कापूस अडकला होता, टरफलासकट. तुम्ही तो हळूहळू सोडवलात आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलात. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही म्हणालात, "जाय, जेव." तुम्ही मैत्रिणीच्या घरी जाल म्हणून मी कितीतरी दिवस वाट पाहिली. तुम्ही गेला नाहीत. ती माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही. आणि खरं सांगते, मला माझ्यापेक्षा तुमचाच राग आला. मोठे तुम्ही होतात. तुम्ही गेल्यालाही आता किती वर्षं झाली, पण तो राग काही गेला नाही.

काल त्या कार्यक्रमाच्या आधी शेजारच्या मुलीचं दप्तर आमच्या पाण्याच्या टाकीत सापडलं. इथे यवतमाळात नळ रोज येत नाही, म्हणून अंगणात टाकी भरलेलीच असते. ती पोर रडत घरी गेली, आणि थोड्याच वेळात तिला घेऊन तिची आई आमच्याकडे येताना खिडकीतून दिसली. माझी मुलगी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "मी नाही टाकलं. तीच खोटं बोलते." तिच्या फ्रॉकची बाही खांद्यापर्यंत ओली होती. बेल वाजली. मी उठले नाही, तशी पुन्हा वाजली.

हे पत्र वहीतच राहील. तुम्हाला विचारायचं होतं की तुम्ही त्यांच्या घरी का गेला नाहीत. ते आता विचारवत नाही. बाबा, दार उघडायच्या आधी मी तिचा फ्रॉक बदलला.