मोबाइल नंबरचा रकाना

रविवार, १२ मे

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत. आईचा गुडघा बरा आहे. निदान जिना चढताना ती माझ्या पुढेच असते. तू कृत्रिम पाय बनवायचं पुढचं शिक्षण घ्यायला सहा महिन्यांसाठी परदेशी निघालीस, हे तिच्याकडून कळलं. ऐकून छाती फुगली. शेजारच्या शिंप्याला दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं तेव्हा पुढचं सगळं त्यानेच म्हणून दाखवलं.

परवा तू फोनवर आईला म्हणालीस, "बाबांना विचार ना, तिकडे डेबिट कार्ड नेऊ की क्रेडिट?" आई म्हणाली, "तूच विचार की." तू म्हणालीस, "तू विचार." मी समोरच मटार सोलत बसलो होतो. फोन स्पीकरवर होता. तो नेहमीच असतो, हे तुलाही ठाऊक असावं.

तर बँकेच्या काउंटरवर एकतीस वर्षं बसलेल्या माणसाला प्रश्न विचारलास, आता भोग. दोन्ही ने. हॉटेलात आणि दुकानात क्रेडिट कार्ड द्यायचं. हॉटेलवाले खोली देतानाच काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलंस तर तुझेच पैसे अडकतात, आणि सुटायला कधी कधी दोन-तीन आठवडे जातात. तोवर बस उपाशी. शिवाय कुणी कार्डाचा नंबर चोरलाच, तर डेबिटमधून तुझा पगार हातोहात जातो आणि मग तू बँकेच्या मागे. क्रेडिटवर बिल भरायच्या आधीच "हा खर्च माझा नाही" म्हणून भांडता येतं. भांडण तुला काही नवं नाही. रोख मात्र डेबिट कार्डानेच काढ. क्रेडिटवर काढलीस तर त्याच दिवसापासून व्याज चढतं. त्या डेबिटच्या खात्यात लागतील तेवढेच पैसे ठेव. आणि तिकडच्या मशीनने विचारलं, की तुमच्या देशाच्या चलनात रक्कम घेऊ का, तर हुरळून जायचं नाही. नको म्हणायचं. तो दर त्यांच्या सोयीचा असतो. अन् दोन्ही कार्डं एकाच पाकिटात ठेवलीस तर मी तिकडे येऊन

नाही. येणार नाही.

मी एकदा असाच तुझ्याकडे धावत आलो होतो, तेवढं पुरे झालं. दीड वर्ष झालं त्याला, आणि या पत्रातही मी चलन आणि व्याजाच्याच गोष्टी करत राहिलो असतो.

तू शिकायला बाहेर राहायला गेलीस तेव्हा माझ्या क्रेडिट कार्डाला जोडलेलं कार्ड तुला दिलं. खर्च तू करायचीस, मेसेज माझ्या फोनवर यायचा. तुला वाटायचं, बाबा पैशांवर नजर ठेवतात. पैशांचं सोड गं. दुपारी एकला खानावळीचा मेसेज आला की वाटायचं, चला, पोरगी जेवली. मग मीही पानावर बसायचो. पण पुढे माझी जीभ सुटली. "दोन कॉफी कुणाबरोबर?" असं मी विचारलं, तेव्हा तू हसलीस. मी पुन्हा विचारलं, तेव्हा नाही हसलीस.

मग त्या दवाखान्याचा मेसेज आला. मी मिळेल ती बस पकडून थेट तिथे. तुझ्या मैत्रिणींच्या देखत, डॉक्टरांच्या देखत ओरडलो, "काय लपवतेयस?" आणि बाकावर तुझी घरमालकीण बसलेली, मनगट प्लास्टरमध्ये. तू फक्त तिचे पैसे भरले होतेस. चार दिवसांनी टपालाच्या पाकिटातून कार्डाचे चार तुकडे आले. सोबत चिठ्ठी नव्हती.

एकतीस वर्षांत कुणाच्या खात्यातला शब्द मी घरी आणला नाही. तुझ्या मामाच्या खात्यात काय आहे, हे तुझ्या आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. ती अजून चिडते. सगळ्या गावाचं झाकून ठेवलं आणि स्वतःच्या मुलीचं चव्हाट्यावर मांडलं. चुकलो, भिंगरी. तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी आईच्या पदराआड मटार सोलत बसलो.

सोबत एक फॉर्म पाठवतोय. तू पाच वर्षांची असताना तुझ्या नावाने मुदत ठेव ठेवली होती. त्या ठेवीवर बँक तुला क्रेडिट कार्ड देते. माझ्या कार्डाला जोडलेलं नाही. तुझं, तुझ्या नावाचं. बिल तुझ्याकडे, मेसेज तुझ्याकडे.

फॉर्मवर एक खाडाखोड दिसेल. मोबाइल नंबरच्या रकान्यात सवयीने माझाच नंबर लिहून गेलो. खाडाखोड असली की लोकांचे फॉर्म मी परत करायचो, आठवतं ना? कोरा फॉर्म आणायला निघालोही होतो. मग वाटलं, राहू दे, तुला दिसू दे. माझा नंबर खोडून पुढे तुझा लिहिलाय. नियमाप्रमाणे त्या खाडाखोडीशेजारी तुझी सही लागेल. पटलं तर कर, आणि बँकेत दे.

केलीस की नाही, ते मला कळणार नाही. मेसेज तुला येईल.

वेळेवर जेवत जा.

तुझा,
बाबा