रिकामं बसणं

६ जानेवारी १९७४

हे आज नोकरीवर परत गेले. सुट्टी कधी सरली कळलंच नाही. कराड स्टेशनात गाडी लागली, ट्रंक आत ठेवून हे परत खाली उतरले. मला वाटलं, काही तरी गोड बोलतील. तर म्हणाले, "येक सांगू? त्येवढी मशेरी सोड. तोंडाला वास येतो तुज्या." नंदा शेजारीच उभी होती. सात वर्षांची पोर, तिनंही ऐकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सोडते," म्हणाले.

घरी आल्या आल्या डबी उकिरड्यात फेकली. सुटली एकदाची.

७ जानेवारी

सुटली नाही. सकाळपासून डोकं ठणकत होतं. नंदावर उगीच खेकसले. दुपारी आत्याबाईंकडे मागितली. काही न विचारता त्यांनी आपली डबी पुढे केली. सासू खऱ्या, पण एवढ्या एका बाबतीत माझ्या बाजूच्या. लग्न होऊन आले त्या वर्षी माझी दाढ दुखत होती, तेव्हा पहिली मशेरी त्यांनीच बोटावर दिली. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर कशी भाजायची, कशी चुरायची, तेही त्यांनीच शिकवलं. दाढ पडून गेली. मशेरी राहिली.

१४ जानेवारी

संक्रांत. सुगडं घेऊन ववसायला देवळात गेले. बायकांची दाटी पांगेपर्यंत थांबले आणि भैरोबाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली. देवाला सांगितलं म्हटल्यावर आता मोडायची बिशाद नाही.

१७ जानेवारी

भैरोबा, माफ कर.

२ फेब्रुवारी

शेजारच्या हरणाबाईला मिरजेहून, दवाखान्यातून परत आणलं. बघायला गेले. गालाच्या आतली जखम पावसाळ्यापासून बरी होत नव्हती, ती कापून काढली आहे. तोंड जेमतेम चमचा जाईल एवढंच उघडतं. सून वाटीतून पेज भरवत होती. म्हणाली, "डाक्टरानं पयलं ह्येच इचारलं, मशेरी लावता का?" हरणाबाईनं आपल्या गालाला बोट लावलं आणि मग तेच बोट माझ्याकडे केलं. बोलायला येत नव्हतं तिला.

आजपासून बंद. शपथ नको, काही नको. ही भीती पुरे आहे.

१५ फेब्रुवारी

भीतीही पुरत नाही.

इतके दिवस लावली नव्हती. ह्यांना पत्रात लिहूनही टाकलं, सोडली म्हणून. आज शाळू काढायला सगळे रानात. अंधारात उठून भाकरी बडवल्या, दिवसभर रानात वाकले, घरी येऊन म्हशीचं केलं, पाणी भरलं, परत चूल. कंबर मोडून आली होती. जरा भिंतीला टेकले तर आत्याबाईंची हाक — "विजयमाला, म्हशीला पेंड घातलीस का?" उठले. परत टेकले. "विजयमाला, दिवा लाव गं." उठले. परत हाक आली तेव्हा ओ दिली नाही. कोनाड्यातली त्यांची डबी घेतली आणि सरळ घरामागच्या परड्यात जाऊन दगडावर बसले.

मग कुणी हाक मारली नाही.

हरणाबाईचा गाल डोळ्यांपुढे होता आणि बोट दातांवर फिरत होतं. माणूस असा कसा असतो? समोर मरण दिसतं आणि तरी हात थांबत नाही. मी इतकी का वाईट आहे?

२३ फेब्रुवारी

ह्यांचं पत्र आलं. 'शाब्बास' लिहिलंय. दुसऱ्यांदा वाचवेना.

३ मार्च

नंदाला अंगण झाडायला सांगितलं होतं. हाका मारून दमले, पोरीची ओ नाही. शेवटी परड्यात गेले. पेरूच्या झाडाखाली, मी बसते त्याच दगडावर, मी बसते तशीच उकिडवी बसली होती. बोट तोंडात. ओठ, दात, सगळं काळं.

माझा हात वर गेला. तिनं डोळे गच्च मिटून घेतले. मारलं नाही मी. उचलून मोरीवर नेली, चुळा भरायला लावल्या. तिला उमासे येत होते. तोंड पुसून मांडीवर घेतलं आणि विचारलं, "का गं लावलीस?" वाटलं, म्हणेल, आजी लावते, आई लावते, म्हणून.

ती म्हणाली, "मशेरी लावली की बसाय मिळतं. तुला तवा कुणीच हाक मारत न्हाई."

पोरीनं काय बघितलं आणि मी काय बघत होते.

खरंच आहे. ह्या घरात बाईनं नुसतं बसलेलं कुणाला चालत नाही. पण तोंडात मशेरी असली की चालतं. तोंड भरलेलं, ओ देता येत नाही, मग कोण हाक मारणार? दिवसभरात तेवढाच वेळ माझा. तो जाईल म्हणून मी डबीला चिकटून होते. ह्यांच्यासाठी सोडून बघितली, देवासाठी बघितली, भिऊन बघितली. मला काय हवं होतं ते मी स्वतःला कधी विचारलंच नाही.

मला बसायचं होतं.

४ मार्च

दुपारची भांडी झाली आणि परड्यात जाऊन बसले. तोंड रिकामं, हात मांडीवर. हातांचं काय करावं कळेना. तेवढ्यात आत्याबाई आल्याच.

"काय करतीस गं हितं?"

"बसलीया."

"मशेरी लावतीस?"

"न्हाई."

"मग? अंगात बरं न्हाई का?"

"बरं हाय, आत्याबाई. वाईच बसते, मग उठते."

त्या बघत उभ्या राहिल्या. "बाईमाणसानं रिकामं बसल्यावर घर कसं चालायचं," असं पुटपुटत आत गेल्या. माझी छाती धडधडत होती, जणू कुणाच्या रानातली कणसं मोडली. मशेरी मागताना कधी अशी धडधडली नव्हती.

उठले नाही.

९ मार्च

आत्याबाई बोलत नाहीत. गल्लीत सांगितलंय, "आमची सून मडम झाली आता." ऐकून रडू आलं. जेवणानंतर तल्लफ येते, जीव कासावीस होतो. बडीशेप चघळते आणि परड्यात जाते. बसलं की तल्लफ जरा खाली बसते. नंदाही येऊन बसते. आज तिला आतून हाक आली तेव्हा मीच ओ दिली, "ती बसलीया. मागनं करंल."

माझाच आवाज मला नवा वाटला.

२५ मार्च

काल पाडवा. पाहुणे, पुरण, पंगती. दिवसभर पाठ टेकली नाही. संध्याकाळी कुणाच्या तरी डबीत बोट गेलंच. लावली, आणि थुंकली.

पण मागच्यासारखी रडत बसले नाही. काल मी एकदाही बसले नव्हते, त्याचंच हे. आज दुपारी आधी बसले, मग भांडी घासली. जग बुडालं नाही.

१२ मे

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, हेच चांगलं. आज आत्याबाई तव्यावर तंबाखू भाजत होत्या. धुरानं मला ठसका लागला. त्यांनी वळून बघितलं.

"खरंच सोडलीस म्हण की."

"व्हय."

"मानसिंगला कळवलंस?"

"मागंच कळवलेलं. तवा खोटं हुतं. आता न्हाई कळवलं."

"का गं?"

"त्यांच्यासाठनं न्हाई सोडली."

"मग कुणासाठनं?"

"बसाय," म्हणाले.

त्या हसल्या. तवा हातात धरून, धुरात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही.

२९ मे

आज दुपारी आत्याबाई परड्यात आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. डबी आणली नव्हती. मग आपणहून सांगायला लागल्या. माहेरी त्यांचं नाव हौसा होतं. लग्नात बदलून चंद्राबाई केलं. त्यांच्या आईशिवाय मग कुणी हौसा म्हटलं नाही. इतकी वर्षं एका घरात आहोत, मला हे ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुजं नाव तर म्याच बदाललं. पयलं बरं हुतं."

भांडी पडली होती. मी उठायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"सगुणा, बस गं वाईच."