भाऊजींचा तुकडा

मंगळवार, ९ मार्च
दुकानातून, दुपारी

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. तुझं पार्सल पोचलं. इकडे सगळं ठीक आहे. सगळं म्हणजे मी, धुलाईची दोन यंत्रं आणि इस्त्री. मोठं यंत्र कपडे पिळताना अजून लंगडतं, माझा गुडघाही लंगडतो, दोघांचं बरं जमतं. तुझा खोकला गेला का? गार पाणी पिऊ नकोस. गातोस ना अजून?

झाली विचारपूस. आता ऐक.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो ताई, बरोबर ताई" करतोस आणि जरा आवाज चढला की "कंपनीवाल्यांचा फोन येतोय" म्हणून सटकतोस. पत्रातून सटकून दाखव.

'उलटा पंखा: गाजलेली गाणी'. वा! आपल्या बँडच्या अल्बमचं काय ते मुखपृष्ठ! तुझं तोंड एवढं मोठं छापलंय की नाकातले केस मोजावेत. मी मागे, झांजेआड, अर्धं कपाळ. मास्तर कोपऱ्यात, आपली बेस गिटार धरून, हरवल्याच्या जाहिरातीतल्यासारखे. आणि त्यांच्या शेजारी एक कोपर. नुसतं कोपर. ते तुझ्या भाऊजींचं, हे तुला सांगायला नको.

आणि गाणी कुणी निवडली रे? 'पावती' गाजलं? कुठे गाजलं, तुझ्या सासुरवाडीत? ते सुरू झालं की लोक मुतायला उठायचे. आणि आत काय छापलंय, तर 'ड्रम्सची साथ: ताई'. साथ? इंजिन गाडीला साथ देतं होय रे? मी हात थांबवला असता तर तुम्ही तिघं रस्त्यात उभे राहिला असतात, हॉर्न वाजवत.

असो. एवढ्यासाठी मी कागद काळा केला नसता. कोपराचंही मी गिळलं असतं. मी पुष्कळ गिळलंय.

पार्सल आलं तेव्हा समोरचे शिंपीकाका पडदे घ्यायला आले होते. आपले जुने चाहते, अजून दुकानात आपलीच गाणी गुणगुणतात. त्यांना म्हटलं, पडदे राहू द्या, बसा. यंत्रं बंद केली. पहिली गाणी पळवली आणि थेट 'दार लोटून घे' लावलं. आवाज वाढवला. दुसरं कडवं संपत आलं तसं मी बोट वर केलं, म्हटलं, "काका, आता! आता ऐका!"

आणि गिटार सुरू झाली. लांबलचक, गुळगुळीत, कुठे खरखर नाही. अख्खा तुकडा वाजला. मग तू गायलास, अगदी वेळेवर, शहाण्या मुलासारखा.

माझं बोट वरच राहिलं. काका बिचारे म्हणाले, "छान आहे की." मी म्हटलं, "हो. छान आहे." आणि त्यांचे पडदे दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या पिशवीत भरून दिले. आज सकाळी तीही बाई येऊन भांडून गेली.

छोट्या, कुणाला विचारून केलंस हे?

तुला विसर पडला असेल तर आठवण करून देते. त्या गोदामातल्या खोलीत, जिथला पंखा उलटा फिरून छताला वारा घालायचा, आपला एकच नियम होता. पहिल्या कार्यक्रमात तू शब्द विसरलास, मी तुला सावरायला गेले, मास्तर तिसरीकडेच गेले आणि सगळे थांबून एकमेकांकडे बघत बसलो. लोकांनी कागदाचे बोळे मारले. परत येताना टेंपोत तुझे भाऊजी म्हणाले, "यापुढे एक चुकला की चौघांनी चुकायचं. थांबायचं नाही, बघायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. त्याच्यामागे जायचं." तेव्हा ते तुझे भाऊजी झालेही नव्हते. खरं सांगू? त्या वाक्यावर मी त्यांच्याशी लग्न केलं.

आणि मग 'दार लोटून घे'. गिटारचा तो तुकडा त्यांनी किती दिवस घडवला होता! बसमध्ये मांडीवर वाजवायचे, जेवताना ताटाच्या कडेवर वाजवायचे. रेकॉर्डिंगला आपण चौघं एकाच खोलीत. दुसरं कडवं संपलं, त्यांनी पहिला सूर लावला, आणि तू घुसलास. डोळे मिटून, गळा फाडून. अख्खा तुकडा खाल्लास. मी तुझ्यामागे आले, मास्तर आले. आणि ते हसले. आधी नाकातून, मग मोकळे. माझ्या ड्रमच्या माईकमध्ये ते हसू शिरलं आणि त्याच हसण्यात त्यांनी गिटार तुझ्यामागे आणली.

तू पांढराफटक पडला होतास. "पुन्हा घेऊ या, भाऊजी, पुन्हा घेऊ या" म्हणून रडायच्या बेतात. रेकॉर्डिंगवालाही पुन्हा घ्या म्हणाला. ते काय म्हणाले? "राहू दे. याच्यापेक्षा चांगलं मला वाजवता येणार नाही." विसरलास? गाणं चाललं ते त्या हसण्यावर चाललं, बाळा. कार्यक्रमात ती जागा आली की पब्लिक आपल्याआधी हसायचं.

आणि आता तू त्यांना शहाणपण शिकवतोस!

मला माहीत आहे, तू म्हणशील, ताई, चांगल्या हेतूने केलं. हेतू मी वाचला. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापलाच आहेस: 'भाऊजींचा तुकडा त्यांना परत.' परत? कुणाच्या हातांनी? त्या नव्या गिटारवाल्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही, पोरगा मन लावून वाजवतो. पण माझ्या नवऱ्याची वस्तू दुसऱ्याच्या हातात ठेवून 'परत केली' म्हणायचं, हा कुठला न्याय?

तू घेतलंस काय ते सांगते. हे मला लिहायचं नव्हतं.

ते गाणारे नव्हते. बोलणारेही नव्हते. फोनवर 'हं' म्हणायचे आणि मला द्यायचे. लग्नाच्या चित्रफितीत सुद्धा नुसते मान हलवताना दिसतात. मग घसा गेला. शेवटी शेवटी तर टाळी वाजवून बोलवायचे, एक टाळी पाणी, दोन टाळ्या 'जवळ बस'. माझ्याजवळ त्यांच्या गळ्यातून निघालेलं असं एवढंच होतं, त्या गाण्यातलं हसू. मी लोकांना सांगते, आता मी आपली गाणी ऐकत नाही. खोटं आहे. कॅसेट होती तोवर रोज दुपारी शटर अर्धं ओढायचे, डबा उघडायचे आणि तेवढी जागा लावायचे. तेवढीच. मग जेवायचे.

मूळ टेप कंपनीने हरवली आणि धड वाजणारी एकच कॅसेट उरली होती, माझी, म्हणून ती तू मागितलीस. मी दिली. रुमालात गुंडाळून दिली. म्हटलं, नव्या अल्बमवर आणखी स्वच्छ ऐकू येईल. इतके महिने डबा तसाच खाल्ला, बोलले का काही? आणि तू स्वच्छ करून पाठवलंस. कपडे धुताना मीही डाग काढते रे, पण कुणाचा खिसा कापत नाही.

आता ज्याने मला काल झोप लागू दिली नाही, ते. त्याच शेवटच्या पानावर, खाली बारीक अक्षरात: 'दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत मी या तुकड्याबद्दल माफी मागितली, तेव्हा भाऊजी हुंदके देऊन रडले. तेव्हाच ठरवलं.'

मी ते वाचलं आणि पुस्तिका भिंतीवर फेकली. मग उचलली, पुन्हा वाचली.

अरे गाढवा! मी तिथेच होते, खाटेच्या पायाशी. तू हात जोडून "भाऊजी, तुमचा तुकडा मी खाल्ला" म्हणालास, त्यांचे खांदे गदगदायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तू तोंड झाकून पळालास. मला वाटलं, तुला त्यांची अवस्था बघवली नाही. ते रडत नव्हते, छोट्या. हसत होते. आवाज नव्हता, म्हणून तुला कळलं नाही. तू गेलास तरी थांबेनात. दाराकडे बोट दाखवायचे, पांघरुणावर त्या तुकड्याचा पहिला सूर वाजवायचे, मग तुझ्यासारखे डोळे मिटून तोंड उघडायचे, आणि पुन्हा खांदे गदगदा. आजारपणात ते तेवढं एकदाच हसले. तुझ्यामुळे हसले. आणि तू ते ओझं म्हणून इतकी वर्षं वाहतोयस, आणि त्या ओझ्यापायी माझं हसू कापून टाकलंस. आता मी कुणावर ओरडू? तुझ्यावरच ओरडते, तू जवळचा आहेस.

तर नीट वाच. माझी कॅसेट हाताने आणून दे. पार्सल नको. कंपनीला सांग, पुढच्या छपाईत जुनं 'दार लोटून घे' जसंच्या तसं जाईल, आणि ती बारीक अक्षरातली ओळ निघेल. म्हणावं, ताई म्हणते ते रडले नव्हते.

प्रकाशनाच्या कार्यक्रमाला मला 'खास पाहुणी' म्हणून बोलावलंय. पाहुणी! माझ्याच बँडात! मी येणार आहे. गुडघ्याला पट्टा बांधून येईन. मास्तरांशी बोलले आहे. ते म्हणाले, "तुम्ही जिकडे, मी तिकडे." दुसरं कडवं संपेल, नवा गिटारवाला पहिला सूर लावेल. त्याला आधी नियम सांगून ठेव. आणि तू घुस. डोळे मिटून, गळा फाडून, तसाच. आम्ही तुझ्यामागे येऊ. मध्ये कुणी हसणार नाही, ते मला माहीत आहे. तेवढी जागा रिकामी असू दे.

आणि वेळेवर गायलास, तर मी काठ्या खाली ठेवीन. भर कार्यक्रमात. नियम मोडून. मग बघ कुठे जातोस.

घाबरू नकोस रे. खोकल्याचं औषध घे. ये, आणि चूक.

तुझ्यामागोमाग चुकायला बसलेली,
ताई