राजाबाई रुसल्यात, मोठा लावा

प्रिय कीर्ती,

तुझा अपलोडचा कोड मंजूर झाल्याचं मी बहुतेक तुझ्याआधी वाचलं, आणि अभिनंदन सगळ्यांच्या शेवटी केलं. तेही मेसेजमध्ये नुसता अंगठा पाठवून. तू तिकडे बदलापुरात पेढे वाटत असशील, इथे आमच्या कॅम्प चार वस्तीत माझ्या पोटात दुखत होतं. लिहायला बसलेच आहे तर सरळ लिहिते.

फोटो लावून ठेवायचं ते सॉफ्टवेअर आपल्याला सापडलं, तेव्हा आपण दोघी अंबरनाथच्या कॉम्प्युटर क्लासला होतो. फुकट आहे आणि त्याचा कोड कुणीही उघडून बदलू शकतं, याचंच केवढं अप्रूप होतं आपल्याला! त्याच्या मेनूंचं मराठी मी केलं. महेशभाईंच्या स्टुडिओत लागल्यापासून सगळ्या लग्नांचे फोटो मी त्यातच लावत आले. तिथूनच ते थेट वेबसाइटवर चढावेत, ही कल्पनाही माझी. मी वर्षभर खटपट केली, पण माझं गाडं लॉगिनच्या पुढे सरकेना. तू दिवाळीच्या सुट्टीत बसलीस आणि करून मोकळी झालीस. वर मला कळवलंस, सोप्पं होतं गं! ते सोप्पं अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

तू तपासायला सांगितलंस म्हणून मी जांभूळ गावातल्या एका हळदीचे फोटो घेतले आणि फक्त मलाच दिसेल अशा खात्यावर चढवले. एक बटण दाबलं, अख्खी हळद वर. महेशभाई मागे उभे राहून बघत होते. माझ्या कामाला कधी ‘ठीक है’च्या पुढे न गेलेला हा माणूस म्हणाला, “कमाल की लडकी है! अपने यहाँ आएगी क्या?” मी म्हटलं, ती फार बिझी असते.

ते गेल्यावर मोबाइलवर ते पान उघडलं, तर प्रत्येक फोटोखाली आमचे शेरे! अल्बम बनवणाऱ्याला कळावं म्हणून आम्ही स्टुडिओवाले कॅप्शनच्या जागी सूचना लिहून ठेवतो. तुला हे कुठून माहीत असणार? ‘काकांचे डोळे मिटलेत, टाळा.’ ‘नवरदेवाचं पोट कापा.’ आणि नवरदेवाच्या आत्या राजाबाईंच्या फोटोखाली, ‘राजाबाई रुसल्यात, मोठा लावा.’ तुझा कोड फोटोबरोबर हे सगळं, कुणालाही न विचारता, चव्हाट्यावर मांडतो.

आधी मी पोट धरून हसले. मग मला आनंद झाला, कीर्ती. लाज वाटावी असला आनंद. नवी आवृत्ती रविवारी येणार, कुठली तरी राजाबाई स्वतःबद्दलचा शेरा वाचणार, लग्नघरात महाभारत होणार आणि सगळे तुझ्या नावाने शंख करणार. मला फक्त गप्प बसायचं होतं. दोन दिवस बसलेही, आणि जेवण चांगलं गेलं.

मग डोक्यात आलं, हे दुसऱ्याच कुणाला सापडलं तर? या सॉफ्टवेअरवर काम करणारा जर्मनीतला कुणी तरी तुझी चूक दाखवणार, तू त्याचे आभार मानणार आणि पुढचं काम त्याच्याबरोबर करणार. छे! ते मला तुझ्या कौतुकाहूनही सोसवेना. तुझ्यावर जळायचं तर मी, आणि तुझी चूक काढायची तर तीही मीच.

म्हणून हे पत्र फक्त तुला. प्रकल्पाच्या पानावर सगळे वाचतात, तिथे मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. दुरुस्ती करून सोबत पाठवतेय. आता फोटो चढण्याआधी विचारलं जाईल, कॅप्शन पाठवायची की नाही. रविवारच्या आत ती तुझ्या हातानेच घाल. मात्र अपलोडची सोय कुणी केली, हे नव्या आवृत्तीत लिहितात ना, तिथे माझं नाव हवं. आभारांत नको. तुझ्या शेजारी.

अजूनही जळणारी, तरी तुझीच,
रंजना