मितालीची टोपी

प्रिय मिताली,

तू कुठेच नाहीस, तरी हे पत्र तुलाच. हिमाचलात एकटी फिरायला जाते म्हटलं असतं तर आईने सोडलं नसतं, म्हणून सोबतीला ऑफिसातली मैत्रीण हवी होती. ती मी तयार केली. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे तुझं कळंबोलीचं घरसुद्धा पाठ करावं लागलं.

"सुकापूरहून कळंबोली ती कितीशी लांब? जेवायला आण की तिला," आई दर रविवारी म्हणायची. मी दर रविवारी तुला आजारी पाडलं.

उद्या निघायचंय. सकाळपासून सॅक भरतेय आणि पुन्हा उपसतेय. खरं सांगितलं तर जाणं राहील. नाही सांगितलं तर पाऊल उचलणार नाही. शेवटी आईसमोर जाऊन उभी राहिले.

"आई, मिताली आहे ना, ती..."

तिने विणलेल्या दोन टोप्या माझ्या हातात ठेवल्या. "एक तुझी, एक तिची. आणि नाहीच आली ती, तर दोन्ही एकावर एक घाल. वर थंडी असते. फोन मात्र रोज करायचा."

दोन्ही टोप्या घालून बघितल्या. दोन्ही माझ्याच मापाच्या आहेत गं.

तुला घरी ठेवून निघणारी,
केतकी