कापडाच्या खोलीतला ॲम्प्लिफायर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शिवणकाम, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, चष्मा लावला की सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात जातो, आणि हे लिहिताना घरात माझ्याशिवाय कोणी नाही. तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून लिहिले असे कोणी म्हणू नये. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लिखाणाने रद्द समजावे. वकीलबाई म्हणाल्या, "कारण द्यायची गरज नाही." पण कारण दिल्याशिवाय मी कधी कोणाचा शिवलेला कपडासुद्धा उसवला नाही, म्हणून ते पुढे दिले आहे.

कलम पहिले. तिसऱ्या मजल्यावरचे माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, माझ्या मुलीला एकटीला मिळावे. जावई भले गृहस्थ आहेत, पण बांधकामातले आहेत आणि भिंत दिसली की त्यांना ती पाडावीशी वाटते. मधल्या भिंतीचे काय करायचे ते त्यांनी बायकोला विचारून करावे. बँकेत जे असेल तेही मुलीचे. त्याचा हिशेब इथे मांडत नाही, मांडण्याइतके ते नाही.

कलम दुसरे. शिलाई मशीन, इस्त्री, कापायचे टेबल आणि सगळ्या कात्र्या समोरच्या दारातल्या नर्सबाईंना द्याव्यात. त्यांचा हात चांगला आहे, फक्त काज करताना घाई करतात. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. मी नसले तरी ते मला कळेल. कोटांचे कागदी नमुनेही त्यांनाच. चौकातल्या शोरूमच्या मालकाने नमुने मागायला माणूस पाठवला, तर त्याला पाणी द्यावे आणि जिना दाखवावा. माझ्या कटाईचा कोट त्याने आपल्या नावाची पट्टी लावून काचेत उभा केला होता. मी रोज बाजाराला जाताना तो बघत असे. खांदा सुरेख बसला होता.

कलम तिसरे. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. ती रडत बसली तर जावयांनी करावी.

कलम चौथे, ॲम्प्लिफायर.

हा आमच्या यांचा. हे सिनेमा थिएटरात आवाजाची बाजू सांभाळत. अर्धे आयुष्य पडद्यामागे भल्यामोठ्या स्पीकरच्या शेजारी उभे राहण्यात गेले. थिएटर बंद पडले, तिथे फर्निचरचे गोदाम झाले आणि हे घरी बसले. निवृत्तीच्या वेळी जे हातात आले त्यातून यांनी हा ॲम्प्लिफायर घेतला. मी गॅलरीला जाळी बसवा म्हणत होते. जाळी आजतागायत बसलेली नाही, कबुतरे साक्ष देतील.

दोन हमालांनी तो जिन्यात तीनदा टेकवत वर आणला. लोखंडाची जड बैठक, मागे पेटीएवढे ट्रान्सफॉर्मर, पुढे ओळीने काचेचे व्हॉल्व्ह. चालू केला की ते हळूहळू तांबूस व्हायचे. "गरम होऊ दे, मग बोलेल," असे हे म्हणायचे, जणू परगावाहून पाहुणा आलाय. तो ठेवला माझ्या शिवणाच्या खोलीत, कारण तिथे भिंतीला कापडाचे तागे लावलेले, त्यामुळे आवाज घुमत नाही. माझी परवानगी कोणी विचारली नाही. मी टेबल खिडकीकडे ओढून घेतले आणि कटाई चालू ठेवली.

दर रविवारी दुपारी तिघे ऐकायला यायचे. यांचे शाळेपासूनचे मित्र, दातांचे डॉक्टर. घरोघर जाऊन पियानो लावून देणारे एक गृहस्थ, आम्ही त्यांना पियानोवाले म्हणतो. आणि यांचे धाकटे भाऊ, माझे दीर, जे छापखान्यात मशीनवर होते. हे रेकॉर्ड लावायचे, एक बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचे नाही, आणि मग हे एकेकाकडे वळायचे, "हं, तुम्हाला काय ऐकू आलं?"

डॉक्टर म्हणायचे, "गोड आहे रे. जरा जास्तच गोड. गोडाने काय होतं ते माझ्या खुर्चीत येऊन बघ."

पियानोवाले मान हलवायचे. "गोड नाही, दूर आहे. खऱ्या पियानोत सूर येण्याआधी लाकूड ऐकू येतं. इथे लाकूड कुठाय? आणि खरं सांगू का, या खोलीत सगळ्यात चांगलं काम करतात ते वहिनींचे तागे. यंत्र नंतर."

आणि माझे दीर पाय लांब करून म्हणायचे, "मला तर काही फरक कळत नाही बुवा. माझ्या घरच्या रेडिओत हेच वाजतं. दादा, तुला गंडवलंय."

मग जी जुंपायची! डॉक्टर व्हॉल्व्ह बदला म्हणायचे, पियानोवाले स्पीकर भिंतीपासून पुढे ओढायचे, दीर ते पुन्हा मागे ढकलायचे. हे मधे बसून एकाचे बोलणे दुसऱ्यावर घालायचे. "थांब थांब, दूर म्हणजे किती दूर? शेजारच्या खोलीत की रस्त्यापलीकडे?" इतके बारीक विचारायचे की मला वाटे, हा माणूस घरातल्या माणसाशी असा का बोलत नाही?

हळूहळू माझ्या लक्षात आले. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ येत नसे. शिट्टी झाली तरी किटली आटत असे. कानाचे मशीन आणले, पण ते लावून रेकॉर्ड ऐकली की सगळे पत्र्यावर वाजल्यासारखे लागते म्हणून रविवारी ते खणात जायचे. म्हणजे जो ॲम्प्लिफायर यांनी एवढ्या हौसेने घरात आणला, त्याचा वरचा, बारीक आवाज यांना ऐकूच येत नव्हता. तिघे जे सांगत त्यावरून हे मनात गाणे जुळवत होते. डॉक्टरांचा गोडवा, पियानोवाल्यांचे अंतर, भावाचा खोडसाळपणा. भांडण जितके लांबे, तितके यांना ऐकायला मिळे. मी हे कोणाला बोलले नाही. यांनाही नाही.

एका रविवारी उजव्या स्पीकरची तार आपोआप निसटली. बाजू सुरू झाली आणि आवाज नुसता डावीकडून. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. हे डोळे मिटून, बोटाने ताल धरून बसले होते. बाजू संपली. "हं, काय ऐकू आलं?"

डॉक्टर म्हणाले, "गोड."

पियानोवाले घसा खाकरून म्हणाले, "आज पियानो जरा कडेला बसलाय. पण छान."

माझी कात्री थांबली होती. दिरांच्या तोंडाकडे बघून मला कळले की आता काय होणार. मी "भाऊजी, चहा घेणार ना?" म्हणाले, पण उशीर झाला.

"दादा, उजवा स्पीकर बंद आहे. पहिल्यापासून बंद आहे. तुला ऐकू येत नाही, आणि हे दोघं तुला लहान पोरासारखं खेळवतायत."

तेही मोठ्याने, यांना ऐकू जावे म्हणून, एकेक शब्द तोडून.

हे उठले. ॲम्प्लिफायर बंद केला. माझ्या टेबलावरचा अस्तराचा तुकडा घेतला आणि त्यावर घातला. "बराय," म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. तिघे गेले तरी वळले नाहीत. डॉक्टर आणि पियानोवाले पुढच्या रविवारीही आले, त्याच्या पुढच्याही. हे त्यांच्याशी हवापाण्याचे बोलत. अस्तर निघाले नाही. भावाचे नाव घरात निघाले नाही.

दिरांचे म्हणणे मी नंतर ऐकले आहे आणि ते इथे लिहिणे भाग आहे. ते म्हणाले, "वहिनी, एकटा मीच खरं बोललो." तेही खरेच. मी म्हणाले, "बोललात, भाऊजी, पण चार माणसांत बोललात."

त्या हिवाळ्यात एका दुपारी मला ते झाकलेले धूड बघवेना. मी अस्तर काढले, तार घट्ट केली, चालू केले, गरम होऊ दिले. रेकॉर्ड लावली. हे दारात येऊन उभे राहिले. मी यांचा हात धरून स्पीकरच्या लाकडावर ठेवला आणि शेजारी बसून, कानाशी तोंड नेऊन सांगायला लागले. मला रागदारी कळत नाही, पियानोही कळत नाही. मला जे कळते त्यात सांगितले. "बाई गातेय. ओळ संपताना आवाज आत दुमडतेय, आपण कॉलरची कड दुमडतो तशी, शिवण दिसत नाही. मागे व्हायोलिन आहे, ते पुढे यायला लाजतंय. खालचा आवाज लोकरीसारखा आहे, जाड, पण टोचत नाही."

बाजू संपल्यावर हे म्हणाले, "इतकी वर्षं याच खोलीत होतीस. बोलली का नाहीस?"

"विचारलंत कधी?"

यांनी स्पीकरवरचा हात काढला आणि माझ्या हातावर ठेवला. सुई टोचू नये म्हणून घातलेले अंगुस्तान माझ्या बोटात तसेच होते. संसारात यांच्याविरुद्ध माझी जी मोठी तक्रार होती, ती त्या दुपारी मी मागे घेतली. छोट्या तक्रारी कायम आहेत.

पुढचा हिवाळा यांना लाभला नाही. हॉस्पिटलात दीर भेटायला आले. हे पडून होते, कानाचे मशीन खणात. मी थर्मास धुऊन दाराशी येत होते, म्हणून मला ऐकू आले. दीर वाकून म्हणत होते, "दादा, माझं चुकलं रे." हे छताकडे बघत होते. मी मशीन लावायला धावले, तोवर दीर जिना उतरून गेले होते. मी यांना सांगितले. "काय?" म्हणाले. पुन्हा सांगितले. यांच्या ओठांची कड हलली. ते हसू होते की काय होते, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. दुसऱ्या दिवशी हे गेले. ॲम्प्लिफायर यांनी माझ्या नावे केला होता.

यानंतर मी पहिले मृत्युपत्र केले. त्यात ॲम्प्लिफायर विकावा असे होते, कारण मुलगी म्हणाली होती, "आई, दुसऱ्याच्या घरी तरी वाजेल." आणि माझ्या दिरांनी त्याला हात लावू नये असे एक वाक्य होते. ते मी वकीलबाईंकडून दोनदा वाचून घेतले होते.

आता ते रद्द का केले ते. गेल्या महिन्यात दीर आले. जाऊबाई गेल्यापासून एकटेच असतात, वाळलेत. कोट उसवला होता, तो दुरुस्तीला आणला होता. मी खांदा शिवायला घेतला. ते ॲम्प्लिफायरकडे बघत बसले आणि म्हणाले, "वहिनी, एकदा लावता? मी कधी नीट ऐकलंच नाही. नुसता वाद घातला."

मी लावला. तीच बाई, तेच व्हायोलिन. दीर यांच्या खुर्चीत बसले, डोळे मिटले, मान एका बाजूला केली. मी बाही उलटी करून शिवत राहिले. ओळी संपल्या, बाजू संपली. रेकॉर्डवरची सुई मधल्या लेबलापाशी जाऊन नुसती खरखरत होती. मी वर पाहिले. दीर तसेच बसले होते, डोळे मिटून, हाताने ताल धरून. खोलीत त्या खरखरीशिवाय काही वाजत नव्हते. तेव्हा मला समजले की "काही फरक कळत नाही" असे जे ते रविवारी म्हणायचे, ते खोडसाळपणे नव्हते. छापखान्याने त्यांचेही कान तेव्हाच न्यायला सुरुवात केली होती.

मी हातातले काम खाली ठेवले. खूप वेळाने त्यांनी डोळे उघडले. ओले होते.

"काय सुंदर आहे हो वहिनी," ते म्हणाले. "दादाचं बरोबर होतं."

खोलीत आम्ही दोघेच होतो. माझ्या जिभेवर आले होते. मी म्हणाले, "हो, भाऊजी." आणि रेकॉर्डवरची सुई उचलून ठेवली.

सबब, सदर ॲम्प्लिफायर, दोन्ही स्पीकर, सर्व रेकॉर्ड आणि ती खुर्ची माझे धाकटे दीर यांना मिळावी. त्यावर माझ्या मुलीचा किंवा इतर कोणाचा हक्क राहणार नाही.

स्थळ: राहते घर, शिवणाची खोली. तारीख: ९ मार्च.

सही (मृत्युपत्र करणारी)

वरील बाईंनी हे आम्हाला वाचून दाखवले आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. साक्षीदाराने काही घेऊ नये हा कायदा आम्हाला मान्य आहे. वाचताना त्या एकदाच थांबल्या. आम्ही दोघांनीही त्यांना काही विचारले नाही.

साक्षीदार पहिला: दातांचे डॉक्टर, सही
साक्षीदार दुसरा: पियानो लावून देणारे, सही